मुलांचें पत्र आणि मुख्याध्यापकांची परवानगी

शाळेंतील मुलांनीं पदरचे पैसे घालून चार पानें छापावीं आणि मधल्या सुटींत तीं सोबत्यांच्या हातीं द्यावीं, एवढीशी ही गोष्ट. पण तीं वाटण्यापूर्वीं मुख्याध्यापकांस दाखविलीं पाहिजेत कीं नाहीं, या प्रश्नावर अमेरिकेंतील वरिष्ठ न्यायालयांनीं १९६९ पासून पुढें जवळजवळ वीस वर्षें खल केला. त्याची हकीकत आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत, त्यांस ती अगदींच परकी वाटणार नाहीं.

आपल्याकडे मुलांचें हस्तलिखित म्हणजे शाळेचेंच अपत्य. त्याची एकच प्रत, तीहि शिक्षकांनीं तपासलेली आणि संमेलनाच्या दिवशीं टेबलावर मांडलेली. जें एकच आहे त्याचें वाटप होत नाहीं, आणि मग त्याची भीतीहि कोणास वाटत नाहीं. अमेरिकेंत चित्र पालटलें तें पुष्कळ अंशीं सायक्लोस्टाइलच्या यंत्रानें. मेणकागदावर मजकूर उठवावा आणि एका संध्याकाळीं तीनशें प्रती काढाव्या, इतकें तें काम सोपें झालें होतें. त्यांत व्हिएतनामचें युद्ध चालूं होतें, आणि अठरा वर्षें पुरतांच मुलांस सैन्यभरतीसाठीं नांव नोंदवावें लागे. वरच्या वर्गांतील मुलाचें युद्धाविषयींचें मत हा आतां केवळ वक्तृत्वसभेचा विषय राहिला नव्हता.

युद्धाशीं संबंध नसलेलीं पत्रेंहि निघत. इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथील दोन विद्यार्थ्यांनीं जानेवारी १९६८ मध्यें ‘ग्रास हाय’ नांवाचें पत्र काढून पंधरा सेंटांस एक याप्रमाणें त्याच्या साठ प्रती विद्यार्थ्यांस व शिक्षकांसहि विकल्या. शाळेच्या चालकांचीं प्रचारपत्रकें मुलांनीं घेऊं नयेत, घेतलीं तर नष्ट करावीं, असा त्यांत उपदेश होता. एका वरिष्ठ अधिकाऱ्याचें म्हणणें विकृत मनांतून निघालेलें आहे, असेंहि लिहिलें होतें. दोघांस पुढील सहामाहीपुरतें शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. लेखन उद्धट होतें यांत शंका नाहीं. आम्ही तेथें शिक्षक असतों तर आम्हांसहि राग आला असता. परंतु शिक्षकास राग येणें निराळें आणि शाळेचें काम अडणें निराळें. हा भेद कायद्यांत आला तो टिंकर खटल्यानें.

आयोवा राज्यांतील डे मॉइन शहरीं डिसेंबर १९६५ मध्यें कांहीं मुलें युद्धाच्या संदर्भांत दंडास काळ्या फिती बांधून शाळेंत आलीं व निलंबित झालीं. २४ फेब्रुवारी १९६९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं त्यांच्या बाजूनें कौल दिला. न्यायमूर्ति फोर्टस यांनीं लिहिलेल्या निकालाचें तात्पर्य असें कीं, शाळेंत पाऊल टाकतांना मूल आपलें भाषणस्वातंत्र्य दाराबाहेर ठेवून येत नाहीं. शाळेच्या कामांत भरीव व्यत्यय आला, किंवा येईल असें मानण्यास सबळ आधार असला, तरच शाळेस मनाई करतां येईल. भाषणस्वातंत्र्याचे कट्टे कैवारी म्हणून गाजलेले न्यायमूर्ति ब्लॅक यांनींच येथें विरुद्ध मत द्यावें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शिस्तीची काळजी वाहणारे सगळेच स्वातंत्र्याचे वैरी नसतात. पुढें १९७० सालीं याच कसोटीवर अपील न्यायालयानें जोलिएटच्या मुलांचा पक्ष उचलून धरला.

परंतु दंडावरील फितीस आधीं तपासून घेण्याचा प्रश्न निघाला नव्हता. पत्राच्या बाबतींत तोच मुख्य होता. कनेक्टिकट राज्यांतील स्टॅमफर्ड येथें मुलांनीं स्वतः काढलेलें पत्र शाळेंत वाटलें, तेव्हां शिक्षणमंडळानें नोव्हेंबर १९६९ मध्यें नियम केला कीं, शाळेच्या आवारांत कोणतेंहि लेखी वा छापील साहित्य आधीं संमति घेतल्यावांचून वाटूं नये. १९७१ सालीं न्यायमूर्ति कॉफमन यांनीं त्यावर दिलेला निकाल मोठा मासलेवाईक आहे. आधीं तपासणें हेंच मुळीं बेकायदा, असें ते म्हणाले नाहींत. त्यांच्या शंका अगदीं दफ्तरी वळणाच्या होत्या. मजकूर कोणापाशीं द्यावयाचा? त्यानें किती काळांत उत्तर द्यावयाचें? आणि ‘वाटणें’ म्हणजे तरी काय? दोन मुलांनीं वाटेंत एकमेकांस चिठ्ठी दिली, किंवा ‘टाइम’ साप्ताहिकाच्या अंकाची अदलाबदल केली, तर तेंहि वाटपच कीं काय? नियम यांवर मुका होता, म्हणून तो पडला.

आमच्या मतें सर्व वादाचें मर्म येथें आहे. अधिकारी बहुधा ‘नाहीं’ म्हणत नसतो. तो ‘पाहूं’ म्हणतो. सोमवारच्या सभेचें पत्रक पुढच्या शनिवारीं मंजूर होऊन आलें तर त्याचा उपयोग रद्दीपलीकडे नाहीं. आणि नकार असा मिळालेलाच नसल्यामुळें वर दाद मागावी तर ती कशाबद्दल मागणार?

शिकागोचा नियम याहूनहि कडक होता. सर्व शाळांच्या मुख्य अधीक्षकांनीं मंजूर केल्याखेरीज आवारांत पुस्तक वा पत्रक वाटावयाचें नाहीं! तेथील दोन मुलांनीं ‘कॉस्मिक फ्रॉग’ (त्यास आपण ‘विश्वमंडूक’ म्हणूं) या पत्राच्या सुमारें साडेतीनशें प्रती जेवणाच्या सुटींत व तासांच्या मधल्या वेळांत वाटल्या. दुसऱ्या शाळेंतील एकानें युद्धविषयक अर्जाची कोरी प्रत सोबत्यास दिली. तिघेहि निलंबित झाले. अमेरिकेंतील अपील न्यायालयें प्रदेशवार मंडलांत विभागलेलीं असून एका मंडलाचा निर्णय दुसऱ्यास बांधीत नाहीं. त्यामुळें १९७२ सालीं या खटल्यांत सातव्या मंडलानें स्टॅमफर्डच्या निकालाशीं उघड मतभेद दाखविला. वाटपाची जागा, वेळ व रीत ठरवा. कोणी बदनामी केली वा अश्लील छापलें तर शिक्षा करा. पण आधींची तपासणी नको. त्याच वर्षीं टेक्सासमध्यें शाळेच्या वेळेबाहेर व आवाराबाहेर पत्र वाटणाऱ्या पांच मुलांचें निलंबनहि रद्द झालें. उलट चौथ्या मंडलानें तपासणीस मुभा दिली खरी, पण तिच्या अटी अशा घातल्या कीं, बाल्टिमोर परगण्याच्या मंडळानें पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेला नियमहि १९७५ सालीं टिकला नाहीं.

दोहोंपैकीं बरें कोणतें? शिकागोच्या निकालाकडे मन ओढतें. पण एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीची टवाळी तीनशें प्रतींत निघाली, तर मागाहून झालेल्या शिक्षेनें तिचें काय भरून येणार? तेवढ्यासाठीं तपासणी ठेवावयाची तर ठेवावी, पण एका दिवसांत उत्तर आणि नकाराचें कारण लेखी, एवढें तरी मुलांस मिळालें पाहिजे.

१९८८ सालानें या प्रकरणास एक विचित्र कलाटणी दिली. मिसूरींतील हेझलवुड येथें पत्रकारितेच्या वर्गानें चालविलेल्या शाळेच्या पत्रांतून मुख्याध्यापकांनीं गरोदर विद्यार्थिनी व घटस्फोट या विषयांवरील लेख असलेलीं दोन पानें काढून टाकलीं होतीं. १३ जानेवारी रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं तें योग्य ठरविलें. शाळेच्या नांवानें निघणाऱ्या पत्रावर शाळेचा हात अधिक चालतो, असा त्याचा आशय. म्हणजे गुरुजींच्या देखरेखीखालीं निघालेल्या पत्रापेक्षां घरीं काढलेलें पत्र अधिक मोकळें! कांहीं राज्यांनीं पुढें कायदे करून शाळेच्या पत्रांसहि संरक्षण दिलें.

घरच्या पत्रांपुरता प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयानें कधींच निकालांत काढला नाहीं. मंडलांमंडलांतील मतभेद तसाच राहिला. वॉशिंग्टन राज्यांतील रेंटन येथील मुलांनीं ‘बॅड ॲस्ट्रा’ या पत्राच्या सुमारें साडेतीनशें प्रती शाळेंतील एका मेजवानीच्या वेळीं न दाखवितां वाटल्या, व त्यांस ठपका मिळाला. नवव्या मंडलानें तेथील सरसकट तपासणीचा नियम घटनाबाह्य ठरविला. पत्र वाटलें तो १९८३ चा मे महिना. निकाल लागला १९८८ च्या नोव्हेंबरांत. तोंवर तीं मुलें शाळा सोडून केव्हांच बाहेर पडलीं होतीं.