पाइप आणि पेयपात्रे

झाँ-बातीस्त-सिमेओं शार्दां (1699–1779) या फ्रेंच चित्रकाराचे स्थिरवस्तुचित्र. ‘ला ताबाजी’ या नावानेही परिचित. कॅनव्हासवर तैलरंग, सुमारे 32 × 40 सेंमी. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात.

दगडी कठड्यावर धूम्रपानाच्या साहित्याची लाकडी पेटी उघडी ठेवली आहे. तिला आतून निळे अस्तर असून लांब दांडीचा पांढऱ्या मातीचा पाइप तिरपा टेकवला आहे. शेजारी फुलांची नक्षी असलेली पांढरी झाकणाची सुरई आणि काही पेले आहेत. अस्तराचा निळा रंग आसपासच्या करड्या छटांतही मुरलेला दिसतो. चित्राची शांतता प्रामुख्याने या निळ्या-करड्या मेळातून येते.

या चित्राच्या अभ्यासात सर्वांत मोलाचा पुरावा चित्राबाहेरचा आहे. शार्दांची पहिली पत्नी मार्गरीत सँतार 1735 मध्ये वारली आणि 1737 मध्ये घरातल्या चीजवस्तूंची कायदेशीर यादी करण्यात आली. त्या यादीत निळ्या साटिनचे अस्तर असलेली, किल्लीने बंद होणारी शिसवी पेटी आहे. तिच्यातले छोटे पेले, नरसाळे, मेणबत्तीदाणी, चांदीच्या साखळ्यांची बुचे असलेल्या काचेच्या कुप्या यांचीही नोंद आहे. चित्रातली पेटी हीच असावी, असे मानून चित्राचा काळ साधारणपणे 1737 च्या सुमाराचा धरला जातो. मात्र पेटी त्या वर्षी घरात होती, एवढेच यादीवरून सिद्ध होते. ती पुढेही घरात राहिली असेल, तर चित्र नंतरचेही असू शकते. म्हणून 1737 हे वर्ष अंदाजाचेच समजावे.

यादीचे खरे महत्त्व अर्थनिर्णयात आहे. सतराव्या शतकातील डच चित्रांत, उदाहरणार्थ हार्लेमच्या पीटर क्लासच्या काही चित्रांत, पाइप कवटी, घड्याळ किंवा विझलेल्या दिव्यासोबत येतो आणि आयुष्याची क्षणभंगुरता सुचवतो. शार्दांचे चित्रही त्याच परंपरेत बसवता येईल. पाइप आणि धूर हेच नश्वरतेचे चिन्ह आहे, कवटीची गरज नाही, असा युक्तिवाद त्यासाठी करता येतो. तो पटत नाही. येथे पाइपाला तसा अर्थ देणारी दुसरी एकही वस्तू नाही. शिवाय शार्दां वापरातल्या वस्तूच रंगवत असे: त्याने चित्रित केलेली तांब्याची पाण्याची टाकीही त्याच यादीत आढळते. त्यामुळे हे उपदेशाचे चित्र नसून मालकाला नीट ठाऊक असलेल्या एका पेटीचे व्यक्तिचित्रच ठरते.

लूव्ह्रने हे चित्र 1867 मध्ये लापेर्लिए संग्रहाच्या लिलावात विकत घेतले.