प्रोसेसर, उष्णता आणि विद्युद्दाब

संगणकाच्या प्रोसेसरला कारखान्यानें नेमून दिलेल्या गतीहून अधिक गतीनें चालविण्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या हौसेचा इतिहास अवघ्या कांहीं दशकांचा आहे. परंतु विद्युद्दाबाच्या मर्यादेविषयीं त्यानें जें शिकविलें, तें प्रत्येक संगणकधारकानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१९९८ सालीं इंटेलनें सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारांत आणला. त्याची नेमलेली गति ३०० मेगाहर्ट्झ होती. परंतु प्रोसेसर व स्मृति यांना जोडणाऱ्या बसची गति ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली म्हणजे तोच प्रोसेसर ४५० वर धांवे. आणि पुष्कळदां त्यासाठीं मूळचा २ व्होल्टांचा दाबही वाढवावा लागत नसे. या यशानें हौशी लोकांची भीड चेपली.

तथापि फुकटचा वेग नेहमींच मिळत नाहीं. गति आणखी वाढवावयाची तर दाब वाढवावा लागतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. १.५ व्होल्टांचे १.७ केले, तर गति तीच असूनही सुमारें २८ टक्के उष्णता अधिक होते. उष्णतेवर पुढें उपाय निघाला. २००१ सालच्या एका गाजलेल्या चाचणींत, उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा काढतांच अ‍ॅथलॉन जळून गेला; पेंटियम ४ मात्र आपण होऊन मंदावला आणि वांचला. आज अशी राखण सर्वत्र आहे. इंटेलचे पुष्कळ प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसपाशीं स्वतःच गति कमी करतात.

हातानें वाढविलेल्या दाबावर मात्र अशी खात्रीची राखण नसते. २००२ सालीं ‘नॉर्थवुड’ जातीचा पेंटियम ४ आला. त्याचा नेमलेला दाब सुमारें १.५ व्होल्ट होता. कित्येकांनीं तो १.७ च्या वर नेला, उत्तम पंखे बसविले, उष्णतामान खालीं ठेवलें. तरी कांहीं काळानें त्यांचे प्रोसेसर एकाएकीं निकामी झाले. इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्यानें आंतल्या तारांतील धातूचे अणु हळूहळू सरकतात व तार झिजते, हें त्याचें कारण मानलें गेलें. जेम्स ब्लॅक यांनीं १९६० च्या दशकांतच याचें समीकरण मांडलें होतें: विद्युत्प्रवाह जितका दाट व उष्णतामान जितकें अधिक, तितकें तारेचें आयुष्य कमी. तारा बारीक होत गेल्या, तशी मर्यादाही खालीं आली. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टांवर चाले, नॉर्थवुडला १.७ देखील सोसेनात.

२०२४ सालीं हीच अडचण खुद्द निर्मात्यापुढें उभी राहिली. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीचे कांहीं प्रोसेसर स्वतःच वाजवीपेक्षां अधिक दाब मागत, आणि त्यामुळें आंतील मंडल अकालीं जीर्ण होई. ऑगस्टमध्यें त्या मागणीस १.५५ व्होल्टांची मर्यादा घालण्यांत आली व हमीची मुदत २ वर्षांनीं वाढविण्यांत आली. परंतु आधींच बिघडलेला प्रोसेसर या उपायानें सुधारत नाहीं.

म्हणून एका पिढीचा आंकडा दुसरीस लावूं नये. निर्मात्यानें त्या विशिष्ट प्रोसेसरसाठीं दिलेली मर्यादा पाहावी, आणि केवळ उष्णतामान खालीं आहे एवढ्यावरून निर्धास्त राहूं नये. उष्णतेचा अतिरेक यंत्र तत्काळ सांगतें. दाबानें झालेली झीज तें सांगतें, तेव्हां वेळ टळून गेलेली असते.