उन्हाचे बळी आणि मृत्यूंची नोंद

गेवराई तालुक्यांतील तलवाडा हें त्वरितादेवीचें गांव. तेथें मीं अनेक वर्षें मुलांस इतिहास शिकविला. त्या इतिहासांत लढाया होत्या, दुष्काळ होते, साथी होत्या. परंतु उन्हानें दगावलेल्या माणसांस त्यांत कोठेंच जागा नव्हती. त्यांच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी वैशाखांत भर दुपारीं शेतांतून परतले, ओसरीवर आडवे झाले, ते पुन्हां उठलेच नाहींत. लोक म्हणाले, “वय झालें होतें.” मींहि तेंच म्हटलें. ऊन कोणाच्याच तोंडीं आलें नाहीं.

असें कां व्हावें? घाम वाळतो तेव्हां शरीर निवतें. हवा अतिशय तापली किंवा दमट झाली, कीं हा उपाय तोकडा पडतो. कातडीकडे अधिक रक्त पोंचविण्यासाठीं हृदयास जादा राबावें लागतें. ज्याचें हृदय किंवा मूत्रपिंड आधींच दुबळें, त्याच्यावर प्रथम घाला पडतो. आणि कागदावर मात्र जुन्या दुखण्याचेंच नांव लागतें.

एकेका मृत्यूंत लपलेली ही गोष्ट बेरजेंत उघडी पडते. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेंत पारा ४६.८ अंशांवर गेला. संशोधकांनीं कारणांचा घोळ बाजूस ठेवून शहरांतील सगळेच मृत्यू मोजले. ते ४,४६२ भरले. २००९ आणि २०११ या वर्षांच्या मे महिन्यांची सरासरी होती ३,११८. म्हणजे एका महिन्यांत १,३४४ माणसें अधिक गेलीं! हा आंकडा नुसता छापून राहिला नाहीं. २०१३ मध्यें त्या शहरानें उष्णतेशीं सामना करण्याची योजना आंखली. आगाऊ इशारा, पिण्याच्या पाण्याची सोय आणि वैद्यकीय सेवकांस शिक्षण, हीं तिचीं मुख्य अंगें. पुढील दोन वर्षांत दरवर्षीं सरासरी सुमारें १,१९० मृत्यू टळले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मात्र केवळ पाऱ्यावर विसंबून चालत नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. पारा सुमारें ३८ अंश, म्हणजे मराठवाड्याच्या मानानें सौम्यच. परंतु समुद्राकांठची दमट हवा आणि डोक्यावर ऊन यांमुळें तेथें आलेल्यांपैकीं चौदा जण दगावले.

तेव्हां श्रोतेहो, उन्हाळ्यांत घरांतील वृद्धांकडे दुपारीं एकदां डोकावून पाहावें. अंग तापलें, बोलणें असंबद्ध झालें, तर वय झालें म्हणून स्वस्थ बसूं नये. सावलींत आणून अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि तात्काळ दवाखाना गांठावा. आणि दुर्दैवानें कोणी गेलेंच, तर डॉक्टरांस त्या दिवशींच्या उन्हाची हकीकत अवश्य सांगावी. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतींत ती मीं सांगितली नाहीं, याची खंत मला आजहि आहे.