शोधनिबंधावरचा भरवसा

शोधनिबंध वाचणाऱ्याला प्रयोगशाळा दिसत नाही. रुग्णांच्या नोंदवह्या, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, फसलेले प्रयोग, गाळलेली निरीक्षणे यांतले काहीच त्याच्यासमोर नसते. समोर असतात ती आठ-दहा छापील पाने. त्यांच्याच आधारावर डॉक्टर औषध लिहून देतो, शासन धोरण ठरवते आणि पुढचा संशोधक आपली दोन-तीन वर्षे पणाला लावतो. न पाहिलेल्या गोष्टीवर एवढा भरवसा ठेवायचा, तर ज्यांनी ती पाहिली त्यांच्यावर काही बंधने हवीतच. प्रकाशननीतीचा उगम इथे आहे. म्हणूनच तिचे कोणतेही कलम एका प्रश्नावर घासून पाहता येते : वाचकाला जे दिसत नाही ते कोणाला दिसत होते, आणि त्याने ते खरेखरे सांगितले का?

१६६५ साली हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा रॉयल सोसायटीच्या बैठकीत सभासदांदेखत प्रयोग करून दाखवले जात. विज्ञानाचा पसारा वाढला, तसे हे ‘देखत’ मागे पडले. त्याची जागा लेखी नियमांनी घेतली. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये व्हँकुव्हरला एकत्र आले आणि त्यातून पुढे त्यांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या संपादकांनी प्रकाशननीतीसाठी ‘कोप’ ही समिती स्थापन केली. जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न या दोन्हींना हाताळावा लागला.

१. लेखकाची जबाबदारी

लेखकालाच ठाऊक असतात अशा गोष्टी तीन : विदा कशी मिळाली, काम कोणी केले आणि पैसा कोठून आला.

पहिलीच्या बाबतीत आपल्याकडे एक सोयीस्कर गैरसमज रुजला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षेच्या चढत्या पायऱ्या आहेत. नियमांची गरज होतीच. पण सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते. दुसऱ्याची कल्पना उचलून ती स्वतःच्या शब्दांत मांडली, किंवा घरी बसून आकड्यांचा तक्ता रचला, तर अहवालात साम्य शून्यही निघू शकते. ‘माझे फक्त आठ टक्के आले’ हे वाक्य विभागात समाधानाने उच्चारले जाते. त्यातून निबंध उतरवलेला नसावा, एवढेच कळते. तो खरा आहे की नाही, हे कळत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. वैद्यकीय संपादकांच्या समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात : कामात ठोस वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. केवळ निधी मिळवून देणे किंवा विभागाचे प्रमुखपद सांभाळणे यात बसत नाही. त्याची नोंद ऋणनिर्देशात करावी. आदरापोटी घातलेले नाव निरुपद्रवी वाटते, पण त्याने वाचकाची फसवणूक होते. पाच नावे पाहून वाचक समजतो की पाच जणांनी हे तपासले आहे.

तिसरी गोष्ट हितसंबंधांची. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ने अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध छापला. अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांच्यात संबंध असल्याचे सुचवले होते. लस बनवणाऱ्यांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलाच्या कामासाठी वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. वाचकाला याचा पत्ता नव्हता. ब्रायन डिअर या पत्रकाराने २००४ मध्ये ते उघड केले. सहलेखकांपैकी दहा जणांनी त्या निष्कर्षापासून अंग काढून घेतले, पण निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले आणि गोवर परतला. संकेतस्थळावर तो निबंध आजही आहे आणि त्याच्या पानांवर ‘मागे घेतला’ अशा अर्थाचा लाल इंग्रजी शिक्का आडवा मारलेला आहे. निबंध नाहीसा न करता असा खुणेसह ठेवणे हेच योग्य. चूक पुसून टाकली, तर ती कोणामुळे आणि कशी घडली हे पुढच्या वाचकाला कळणार नाही.

२. परीक्षक आणि संपादक

परीक्षकाकडे अप्रकाशित काम विश्वासाने आलेले असते. ते गुप्त ठेवणे, त्यातली कल्पना स्वतःसाठी न वापरणे आणि लेखक आपला स्पर्धक किंवा निकटचा सहकारी असेल तर तसे सांगून बाजूला होणे, ही त्याची कर्तव्ये. पण परीक्षणाच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. परीक्षकही बहुधा मूळ नोंदी पाहत नाही. त्याच्यापुढे येते ते हस्तलिखितच.

करोनाच्या काळात हे लख्ख दिसले. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक निबंध आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ रुग्णांची माहिती त्यात असल्याचा दावा होता. औषध धोक्याचे असल्याच्या त्यातल्या निष्कर्षामुळे काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची आपली चाचणी थांबवली. ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचे आकडे जुळत नसल्याचे इतर संशोधकांनी दाखवले. विदा पुरवणारी सर्जिस्फिअर ही कंपनी स्वतंत्र तपासणीसाठी मूळ नोंदी देईना, तेव्हा चारपैकी तीन लेखकांनी ४ जूनला निबंध मागे घेतला. ‘लॅन्सेट’ने पुढे नियम बदलला : एकाहून अधिक लेखकांनी विदा स्वतः पाहून पडताळलेली असली पाहिजे. एकदा बारा वर्षे लागली, एकदा तेरा दिवस. चुका कोठेही होतात. त्या किती लवकर आणि किती उघडपणे सुधारल्या, यावरून नियतकालिकाची पारख व्हावी.

३. जिथे परीक्षणच होत नाही

काही ठिकाणी ही सगळी रचना केवळ नाटकापुरती असते. ‘सायन्स’साठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक निबंध ३०४ मुक्तप्रवेश नियतकालिकांकडे पाठवला. २०१३ मध्ये निकाल छापून आला, तेव्हा १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेलेला होता.

भारतात हा बाजार फोफावला, कारण मागणी आपणच निर्माण केली. २०१० पासून प्राध्यापकांची नेमणूक आणि पदोन्नती निबंधांच्या गुणांकाशी बांधली गेली. मग मेल येऊ लागले : ‘आदरणीय महोदय, आपला मौलिक निबंध पाठवावा, ४८ तासांत स्वीकृती.’ दोन दिवसांत परीक्षक शोधणे, त्याने निबंध वाचणे आणि लेखकाने दुरुस्त करणे शक्य नाही, एवढा साधा हिशेब केला तरी मेलचे खरे रूप कळते. आयएसएसएन हा केवळ ओळख क्रमांक. तो गुणवत्तेचा दाखला म्हणून मिरवला जाऊ लागला.

आयोगाने उपाय म्हणून मान्य नियतकालिकांची यादी केली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तिची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यात ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी ४,३०५ नावे यादीतून वगळली गेली. पुढे ‘केअर’ यादी आली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालले. मग यादीतल्या नियतकालिकांच्याच नावाने बनावट संकेतस्थळे उभी राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

यादी करणाऱ्यांचे कष्ट खरे होते, पण यादीत नियतकालिकाचे नाव असते. त्यातला निबंध कोणी वाचलेला नसतो. आता संस्थांनी एवढे तरी करावे. गाईड आणि विद्यार्थी यांनी कोणाचे काम किती, हे कामाला हात घालण्यापूर्वी लिहून ठेवावे. मूळ नोंदी विभागात जपाव्यात. निवड समितीने उमेदवाराकडून दहा निबंधांची यादी न घेता त्याला सर्वांत चांगला वाटणारा एकच निबंध मागवावा, मुलाखतीपूर्वी तो वाचावा आणि पानावर बोट ठेवून विचारावे, ‘हा तिसरा तक्ता तुम्ही कसा तयार केलात?’ ज्याने ते काम केले आहे, तो फसलेल्या दिवसांसकट उत्तर देईल. ज्याने केलेले नाही, त्याला त्या तक्त्यात आपल्याइतकेच दिसत असेल.