अवजार की हत्यार?

कारखान्यातला कामगार पान्याला, कानशीला, हातोड्यालाही 'हत्यार'च म्हणतो. पांढरपेशा माणसास तोच शब्द ऐकून तलवार आठवते. या दोन अर्थांत अंतर किती थोडे आहे हे दाखविणाऱ्या एका पात्याची हकीकत आज आम्हांला सांगावयाची आहे. त्याचे नाव बोलो.

बोलो म्हणजे फिलिपिन्स बेटांतला कोयता. टोकाकडे रुंद व जड, मुठीकडे निमुळता. घाव घालताना वजन पुढे पडते आणि हाताचे श्रम वाचतात. नारळ फोडावा, बांबू तोडावा, झाडोरा साफ करावा, हे त्याचे रोजचे काम. १८९६ साली आंद्रेस बोनिफासिओ यांच्या कातिपुनान संघटनेने स्पेनविरुद्ध बंड उभारले. बंदुका फार थोड्या होत्या. बहुतेकांच्या हाती शेतातला बोलोच होता.

१८९८ मध्ये स्पेनच्या जागी अमेरिका आली. १९०१ साली समार बेटावरील बालांगिगा गावी अमेरिकन तुकडीच्या कप्तानाने गावसफाईसाठी पुरुषांना धरून सक्तीने राबविले, तंबूंत दाटीवाटीने कोंडले, त्यांचे बोलोही काढून घेतले. २८ सप्टेंबरच्या सकाळी चर्चच्या घंटा वाजल्या आणि गावकरी न्याहारीस बसलेल्या सैनिकांवर बोलो घेऊन तुटून पडले. ४८ अमेरिकन मेले. रक्तपाताचा गौरव आम्ही करीत नाही; परंतु वेठबिगारीचा उल्लेख गाळून केवळ कत्तल सांगणे हा इतिहास नव्हे. त्यानंतर जनरल जेकब स्मिथ याने, शस्त्र धरू शकेल अशा दहा वर्षांवरील प्रत्येकास मारण्याचा हुकूम दिला. १९०२ साली लष्करी न्यायालयाने त्यास नुसती समज दिली. पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यास निवृत्त केले. गावाच्या घंटा अमेरिकन सैन्याने नेल्या होत्या. त्या परत आल्या २०१८ च्या डिसेंबरात!

आता गंमत पाहा. ज्या पात्याची धास्ती घेतली, त्याचाच घाट अमेरिकन लष्कराने उचलला. १९०४ चा नमुना लष्करी रुग्णसेवकांसाठी होता: मोडलेल्या हाडास बांधावयाच्या पट्ट्या कापणे, स्ट्रेचरसाठी दांडे तोडणे, वाट मोकळी करणे. १९०९ चा बोलो चौदा इंची पात्याचा. १९१० चा मशीनगनपुढचे झुडूप छाटण्यासाठी. पहिल्या महायुद्धात १९१७ चा नमुना खासगी कारखान्यांतून तयार करून घेतला. म्हणजे शेतकऱ्याचे अवजार शस्त्र झाले आणि सैनिकाच्या कमरेला जाऊन पुन्हा अवजार झाले.

असे जुने बोलो आज हौशी लोक दुरुस्त करतात. त्यांना आमची विनंती एवढीच, की फिरत्या सहाणेवर ते धरू नका. पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी गेले. ते पुन्हा द्यावयास भट्टी लागते. तेल लावून मुरू द्यावे, बारीक लोखंडी लोकरीने तांबेरा हळूहळू काढावा. मुठीच्या लाकडास जवसाचे तेल पुरे. चामड्याच्या म्यानात पाते ठेवून देऊ नये; चामडे ओल धरते आणि गंज पुन्हा चढतो. आणि मुठीजवळचा कारखान्याचा छाप, सन, झिजलेली धार यांना हात लावू नये. छाप सांगतो कोणी घडविले. झीज सांगते कोणी राबविले. चकाकीपायी ही साक्ष पुसली, तर दुरुस्ती कसली? ती साक्षीदाराची तोंडबंदीच होय.

फिलिपिन्सचा लोहार, ज्याला तेथे 'पांदाय' म्हणतात, तो आजही मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून बोलो घडवितो. आमच्या गावचा लोहारही त्याच पाट्यातून कोयता घडवितो. त्या दोघांपैकी कोणालाही युद्ध नको असते. पाते शेतात राहील की रणात जाईल, हे लोहार ठरवीत नाही. राबणाऱ्याला माणसासारखे वागविले जाते की नाही, यावर ते ठरते.