शालेय बालसुरक्षा : प्राथमिक शाळा, हदगाव तालुका

शालेय बालसुरक्षा : शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात आणि घर ते शाळा या वाटेवर मुलाच्या जिवाला, शरीराला वा मनाला इजा पोहोचू नये यासाठीची व्यवस्था. प्रशासनाच्या कागदपत्रांत ती इमारत, पोषण आहार, आरोग्य, शिक्षा, लैंगिक अत्याचार आणि आपत्ती अशा स्वतंत्र फायलींत विखुरलेली असते. प्रस्तुत नोंदीत नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचा विचार केला आहे. खाजगी शाळांचा उल्लेख नियम समान असेल तेवढाच येतो.

परिसर : हदगाव तालुका नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. पैनगंगा ही त्याची यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याकडील हद्द. हिंगोलीकडून येणारी कयाधू याच भागात पैनगंगेला मिळते. तामसा, मनाठा, निवघा ही तालुक्यातील मोठी गावे. पूर्वी हिमायतनगरचा भागही हदगावातच मोडत असे. सोयाबीन, कापूस, हळद व काही पट्ट्यांत ऊस ही पिके. नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग (क्र. ३६१) तालुक्यातून जातो.

पूर्वेतिहास : हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मारुतीचे देऊळ, चावडी किंवा कोणाच्या तरी वाड्याची ओसरी येथून सुरू झालेल्या शाळांना स्वतःच्या खोल्या मिळायला बराच काळ लागला. १९८७ च्या ‘खडू-फळा’ मोहिमेने दोन खोल्या, दोन शिक्षक आणि स्वच्छतागृह हे किमान प्रमाण घालून दिले. त्यातील दुसरा शिक्षक सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण एकशिक्षकी शाळेत गुरुजी पंचायत समितीच्या बैठकीला गेले की शाळेत मोठे माणूस उरत नाही. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम (डीपीईपी) महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला ते सर्व मराठवाड्यातील होते : औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी. या कार्यक्रमात बांधकामावरील खर्चाला आरंभी एकूण तरतुदीच्या २४ टक्क्यांची मर्यादा होती, ती पुढे ३३ टक्के झाली.

कायद्याची चौकट : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. अनुसूचीत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकखोली व आवारभिंत यांचा समावेश आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. हक्कांच्या अंमलावर देखरेख बालहक्क संरक्षण आयोगाकडे आहे. महाराष्ट्राचा आयोग २००७ मध्ये स्थापन झाला.

सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी अविनाश मेहरोत्रा खटल्यात सांगितले. या खटल्याला पार्श्वभूमी होती तमिळनाडूतील कुंभकोणम येथील १६ जुलै २००४ च्या आगीची. गवताच्या छपराखालील स्वयंपाकघरात पेटलेल्या त्या आगीत ९४ मुले दगावली. शालेय सुरक्षेचा जवळजवळ प्रत्येक नियम असाच कुठल्या तरी दूरच्या गावातील दुर्घटनेतून आलेला आहे. हदगावच्या मुख्याध्यापकाच्या टेबलावरील परिपत्रकामागे कुंभकोणमची आग असते, छपऱ्याची विषबाधा असते किंवा बदलापूरचा अत्याचार (पुढे पाहा). तालुक्याचे स्वतःचे धोके, म्हणजे जुन्या खोल्या, नदीचे पाणी, साप आणि हंगामी स्थलांतर, त्यामानाने कमी कागदांत आढळतात.

इमारत : मराठवाड्यात निजामकालीन शाळा-इमारतींचा प्रश्न जुना असून त्यांच्या पुनर्बांधणीच्या घोषणा वेळोवेळी झाल्या आहेत. अहमदनगरजवळील निंबोडी येथे २८ ऑगस्ट २०१७ रोजी जिल्हा परिषद शाळेचे छत पावसात कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले; राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सात. प्रत्येक वेळी राज्यभर धोकादायक खोल्यांच्या याद्या मागवल्या गेल्या. खोली धोकादायक ठरली तरी ती लगेच पाडता येत नाही. अभियंत्याची पाहणी, प्रमाणपत्र, निर्लेखनाचा प्रस्ताव, मंजुरी आणि मग साहित्याचा लिलाव असा क्रम असतो. खरा धोका या मधल्या काळातला. खोलीला कुलूप लागते, पण तिचा व्हरांडा खेळायला मोकळाच राहतो आणि तिच्या वर्गाची पोरे दुसऱ्या वर्गात दाटीने बसतात. निर्लेखन सुरू असलेल्या खोलीभोवती काटेरी तारेचे का होईना कुंपण घालणे, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली करावा याबद्दल एकवाक्यता नाही.

भूकंप : या विषयात हदगावचे नाव थेट येते. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी झालेल्या ३.८ तीव्रतेच्या धक्क्याचा केंद्रबिंदू तालुक्यातील सावरगाव येथे नोंदवला गेला. त्याआधी त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास आणि १० जुलैला सकाळी सातनंतर हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. हे सर्व धक्के शाळेच्या वेळेबाहेरचे आहेत, त्यामुळे भरलेल्या वर्गात मोठा भूकंप म्हणजे काय याचा मराठवाड्याला फारसा अनुभव नाही. गुजरातला तो आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास अंजार येथे प्रजासत्ताकदिनाची फेरी अरुंद गल्लीतून जात असताना दोन्ही बाजूंची घरे मुलांवर कोसळली. प्रभातफेरी काढणाऱ्या आपल्या शाळांनी मार्ग ठरवताना ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत रंगीत तालीम, मैदानावर जमण्याची जागा आणि मुलांची हजेरी घेण्याची पद्धत सांगितली आहे.

पूर : ईसापूर धरणातून विसर्ग वाढला की पैनगंगेकाठच्या गावांतील ओढ्या-नाल्यांचे पाणी तुंबते आणि वाटा बंद होतात. अतिवृष्टीच्या इशाऱ्यावर जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. मात्र शाळा भरल्यानंतर पाणी चढले तर मुलांना सोडावे की थांबवून ठेवावे, हा निर्णय मुख्याध्यापकावरच येतो. ओढ्यापलीकडच्या वस्तीतील मूल पालकाच्या हाती दिल्याशिवाय सोडू नये, असा अलिखित रिवाज अनेक गावांत आहे आणि तो योग्यच आहे.

रस्ता व वाहतूक : महामार्गालगतच्या शाळांना आवारभिंत व गतिरोधक आवश्यक.

आहार : केंद्राची पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात प्रथम उपस्थितीच्या अटीवर दरमहा तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न बंधनकारक झाले आणि तांदळाच्या पिशवीची जागा खिचडीने घेतली. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण (छपरा) जिल्ह्यात गंडामन येथे शाळेतील जेवणातून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्यांनी चव घेतल्याखेरीज ताट वाढू नये, ही ताकीद त्यानंतर कडक झाली. शाळेत चवीची नोंदवही असते. ती अनेकदा आठवड्याची एकदम भरली जाते, हे तपासणी करणाऱ्यालाही ठाऊक असते.

छपऱ्याचा धडा कापूसपट्ट्याला अधिक लागू आहे. फवारणीची औषधे येथे घराघरांत असतात आणि रिकामे डबे धुऊन वापरायची सवय गेलेली नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. किचन शेडमध्ये सुटे तेल येऊ न देणे आणि घरचा डबा-कॅन न वापरणे, एवढी दक्षता स्वयंपाकी ताईंच्या हातात आहे.

शिक्षा : छडी कायद्याने गेली. तिची जागा कोठे ओणवे उभे करणे, उठाबशा, चारचौघांत अपमान यांनी घेतली. त्यांनाही कलम १७ लागू होते.

लैंगिक अत्याचारापासून संरक्षण : लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. शाळेतील कर्मचाऱ्याने केलेला अपराध हा कायदा अधिक गंभीर मानतो. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचे माहीत असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘गावात बसून मिटवू’ या तोडग्याला कायद्यात जागा नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते. मुलाची ओळख उघड होईल असे काहीही छापणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सॲप गटालाही तो लागू होतो.

राज्य शासनाने शाळांत तक्रारपेटी लावण्याचे २०१७ मध्ये आणि ‘सखी सावित्री’ समिती नेमण्याचे १० मार्च २०२२ रोजी ठरवले. या समितीत शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, शिक्षिका, समुपदेशक, स्त्री-वैद्यकीय तज्ज्ञ, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्या, महिला पालक आणि दोन मुलगे-दोन मुली अपेक्षित आहेत, मुख्याध्यापक सचिव. दोनशिक्षकी शाळेच्या गावात समुपदेशक व स्त्री-डॉक्टर आणायचे कोठून, याचे उत्तर निर्णयात नाही. प्रत्यक्षात भार पडतो तो अंगणवाडी सेविकेवर, आणि बहुतेक ठिकाणी गावातील प्रत्येक घर तिच्याइतके कोणाला माहीत नसते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका खाजगी शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा प्रकार उघडकीस आला. तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाल्याने लोक २० ऑगस्टला रेल्वेरुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला : महिन्याभरात सीसीटीव्ही, चित्रीकरणाची मुख्याध्यापकाकडून आठवड्यातून किमान तीनदा पाहणी, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी, विद्यार्थी सुरक्षा समिती आणि अनुचित प्रकार २४ तासांत वरिष्ठांना कळवणे. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्या चकमकीविषयीचे प्रश्न न्यायालयापुढे गेले असल्याने येथे अधिक लिहिलेले नाही. सीसीटीव्हीबाबत मतभेद आहेत. जेथे वीजबिल थकते तेथे कॅमेरा कितपत चालेल, ही शंका शिक्षक संघटनांप्रमाणे अधिकारीही खाजगीत बोलून दाखवतात. २०२५ मध्ये शाळापातळीवरील अनेक समित्या एकत्र करून त्यांची संख्या चारवर आणण्यात आली.

चांगला स्पर्श-वाईट स्पर्श हा पाठ आता बहुतेक शाळांत घेतला जातो.

सानुग्रह अनुदान : पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची अपघात योजना २००३ पासून आहे. आरंभी ती विमा स्वरूपाची होती. पुढे राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना या नावाने थेट अनुदान सुरू झाले. २१ जून २०२२ च्या निर्णयाने अपघाती मृत्यूची रक्कम ७५,००० वरून १,५०,००० रुपये झाली. दोन अवयव वा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास १,००,००० रुपये, एक अवयव वा एक डोळा गेल्यास ७५,००० रुपये. खेळताना, शाळेतील जड वस्तू पडून, आगीने, विजेच्या धक्क्याने वा वीज अंगावर पडून जखमी झाल्यास रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च, कमाल १,००,००० रुपये. सर्पदंशाने किंवा पोहताना झालेला मृत्यूही यात येतो. आत्महत्या, अमली पदार्थांच्या अंमलाखालील अपघात व मोटारशर्यत ही कारणे वगळलेली आहेत. मृत्यूच्या प्रस्तावासोबत प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल जोडावा लागतो. सर्पदंशात घरचे लोक शवविच्छेदन नको म्हणतात आणि प्रस्ताव तेथेच अडतो. मुख्याध्यापकाने ही गोष्ट वेळीच सांगणे उपयोगाचे ठरते.

साप : पावसाळ्यात वर्ग उघडल्यावर आधी कोपरे, चटया व जमिनीतील भेगा पाहाव्यात. २०१९ मध्ये केरळमधील वायनाड येथे वर्गातील बिळातून निघालेल्या सापाच्या दंशाने पाचवीतील मुलगी दगावली. तिला दवाखान्यात नेण्यास झालेला विलंब हाच पुढे चर्चेचा विषय झाला.

स्थलांतर : ऊसतोडीला वा वीटभट्टीला आईबाप गेले की मूल एकतर फडावर जाते किंवा आजीपाशी राहते. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. दिवाळी ते उन्हाळा या काळातील सततच्या गैरहजेरीला सुरक्षेचा इशारा मानण्याची पद्धत अजून रुळलेली नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या प्रस्तावामुळे (समूह शाळा, २०२३) लहान मुलांची पायपीट वाढेल, असा आक्षेप आहे. शासनाची बाजू वाहतूक सुविधा देण्याची आहे.

मानसिक आरोग्य : स्वतंत्र नोंदी तुटपुंज्या.

साहाय्य : मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती शासनाच्या महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालते व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. हा क्रमांक निःशुल्क असून मूल स्वतःही त्यावर फोन करू शकते.