न्यायाची घाई आणि न्यायाचा उशीर

महाविद्यालयात एखाद्या मुलीने लैंगिक छळाची तक्रार केली तर पुढे काय होतं, आणि ही रीत आली कुठून, एवढंच आज आपल्याला बघायचं आहे.

सुरुवात १९७२ ची. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे संमती होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. यातल्या धागमवार आपल्याला परक्या नाहीत. अक्कलकुवा-अक्राणी भागातल्या आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांवर त्यांनी काम केलं. पत्राचा गाभा साधा होता: दबावाखाली गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.

हे वाक्य कॉलेजात आणून बघा. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही ज्यांची, त्यांच्यासमोर मुलगी गप्प बसली तर तिचा होकार होता असं म्हणायचं का?

१९९७ च्या विशाखा निकालाने कामाच्या ठिकाणी तक्रार समिती आली. पण एक गाठ राहिली. समितीने चौकशी केली, दोष आढळला, तरी शिस्तभंगाची खातेनिहाय चौकशी पुन्हा पहिल्यापासून व्हायची. म्हणजे मुलीने तेच दुसऱ्यांदा सांगायचं. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेत २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गाठ सोडवली: समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानायचा. २०१२ च्या निकालात हे आणखी पक्कं झालं.

इथे समितीची ताकद वाढली, तशी जबाबदारीही वाढली. ती पेलली नाही तर काय होतं, ते गोव्यात दिसलं. २००९ मध्ये गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली. समितीने ३९ दिवसांत १८ बैठका घेतल्या, शेवटी शेवटी तर लागोपाठ. २०१० मध्ये त्या अध्यापकांना बडतर्फ केलं. उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. पण १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून चौकशी मे २००९ च्या टप्प्यापासून पुन्हा करा, असं सांगितलं. नीट लक्षात घ्या, न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं नाही. पण ज्या मुलींनी विद्यार्थिनी असताना तोंड उघडलं, त्यांचं प्रकरण चौदा वर्षांनी पुन्हा मधल्या पायरीवर आलं.

काही जण म्हणतात, नियम पाळत बसलं की आरोपीचंच फावतं. आम्हाला उलटं वाटतं. नियम पाळून झालेली चौकशी वरच्या न्यायालयात टिकते, आणि टिकली तरच तक्रारदाराला न्याय मिळतो. न्यायात घाई केली की उशीर आपोआप येतो.

आता नियम काय आहेत? २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची विनियमावली. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत. समितीची अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरचा एक सदस्य हवा, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्यांनी समितीत बसायचं नाही. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्याच कारणाने ती खोटी ठरत नाही.

नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. आज धडगाव, मोलगीकडच्या कितीतरी मुली घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या आहेत. घरी पावरी किंवा भिली, कॉलेजात मराठी, आणि तक्रार मात्र लेखी हवी. कायद्यात याची सोय आहे: तिला लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची. मुदतीचंही तसंच. मुलगी होळीला गावी गेली, मग परीक्षा, मग सुट्ट्या. तीन महिने कधी सरतात कळत नाही. तेव्हा मुदत वाढवून द्यायचा अधिकार समितीने वापरायचा असतो, आणि कारण लिहून ठेवायचं असतं.

म्हणून आपली एक विनंती. उद्या कॉलेजात गेल्यावर सूचनाफलक बघा. समितीची नावं आणि फोन तिथे आहेत का? नसतील तर प्राचार्यांना विचारा. मथुरेपासून गोव्यापर्यंतचा हा सगळा रस्ता शेवटी त्या फलकाशी येऊन थांबतो. तो कोरा असेल, तर धडगावहून आलेल्या मुलीसाठी हे सगळे निकाल कागदावरच राहिले.